घरी विचारून सांगते

निरंजनला या कामातून मिळणार होतं ते असं: टीमच्या वरची खुर्ची, हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत खिडकीजवळची जागा, आणि दिवाळीनंतर एक वर्ष युरोपातल्या ऑफिसात. त्या बदल्यात त्याने करायचं इतकंच, की पिरंगुटच्या पुढे एका ट्रस्टच्या दवाखान्यात जाऊन गुडघेदुखीचे पेशंट गाठायचे, त्यांच्या हातात टॅब्लेट द्यायचा आणि त्यांचा निर्णय घ्यायचा. ऑपरेशन, नाहीतर व्यायाम आणि गोळ्या. दोन बटणं. सौदा इतका स्वस्त होता की निरंजनला आपल्या साहेबाची, ऋषिकेशची, जराशी दयाच आली.

त्या दवाखान्यातली हाडांची डॉक्टर शुभांगी. तिला यातून काय मिळणार होतं, त्याला एक ओळही लागत नाही. काही नाही. ट्रस्टने तिला विचारलंच नव्हतं.

आणि प्रेम? ते दोघांच्याही अंदाजपत्रकात नव्हतं. असतं, तर दोघांनीही खर्च बघून ते आधीच नामंजूर केलं असतं.

भाद्रपद निम्मा सरला होता. मुळशीत तोवर पावसाचं कौतुक कुणालाच उरत नाही. छत्र्यांच्या काड्या मोडलेल्या, कपड्यांना दमट वास, भिंतींवर शेवाळ, आणि वर तो पडतोच आहे... पडतोच आहे. पिरंगुटच्या चौकात ट्रकांच्या मागे आयुष्याचा एक तुकडा घालवून निरंजन दवाखान्यात पोचला, तेव्हा ओसरीतल्या बाकावर एकच बाई बसली होती. पायांत गमबूट, अंगात निळा रेनकोट, डोक्याला पंचा गुंडाळलेला. एक बूट काढून ती गुडघा चोळत होती.

गुडघा! निरंजनचे डोळे चमकले. पहिला पेशंट, आणि तोही आयता.

"नमस्कार ताई. गुडघा दुखतो का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग टॅब्लेटकडे. मग गळ्यातल्या कंपनीच्या कार्डाकडे. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि लगेच शहाण्यासारखं गप्प बसलं.

"दुखतुया की."

"किती दुखतो, ते या पट्टीवर बोट सरकवून सांगाल? इकडे अजिबात नाही, तिकडे असह्य."

तिने बोट बरोबर मधोमध ठेवलं.

"मधोमध?"

"लई म्हटलं तर डाक्टर कापतील. कमी म्हटलं तर घरी हाकलतील. मदीच बरं."

निरंजनने घसा साफ केला. "बरं. गुडघा चांगला झाला तर तुम्हाला काय करायला आवडेल? बागकाम... जिने चढणं... कुत्र्याला फिरायला नेणं..."

"कुत्र्याला कशाला न्यायचं? त्यो जातो की त्याचा त्यो."

हे प्रश्न परदेशातून आले होते आणि पुण्यात एका वातानुकूलित खोलीत त्यांचं मराठी झालं होतं. निरंजनने घाईने पुढची पाटी उघडली. तिच्यावर बाहुल्यांसारखी शंभर माणसं होती. तिचा त्याला फार अभिमान होता, रंगसुद्धा त्यानेच निवडले होते.

"ही शंभर माणसं बघा. तुमच्यासारखीच. ऑपरेशननंतर ही हिरवी — यांचं दुखणं कमी झालं. ही करडी — यांना फारसा फरक पडला नाही."

ती वाकून बघू लागली. पंच्यातून सुटलेल्या एका ओल्या बटेचं पाणी काचेवर टपकलं. "ही कुटली हायेत?"

"कुठली म्हणजे... कुठलीही."

"यात उरवड्याची किती? आमच्या भरे गावची किती? ही करडी बाई तर वळखीची वाटती मला."

"त्या खऱ्या बायका नाहीत ताई. ते फक्त प्रमाण आहे."

"खऱ्या न्हाईत? मग त्यास्नी बघून मी पाय कापून घिऊ व्हय?"

निरंजनने डोळे मिटले. उघडले. "शेवटचा प्रश्न. ऑपरेशन, की व्यायाम आणि गोळ्या?"

"घरी इचारून सांगते."

"अहो, पण इथे दोनच बटणं आहेत. एक दाबल्याशिवाय ते पुढे जातच नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तितंच."

तेवढ्यात आतून दवाखान्यातल्या मावशी, रंभाबाई, हातात फाईल घेऊन आल्या आणि बाकाकडे बघून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शुभांगीताई, ओढ्यातनं चालत आलात ना परत? पहिला पेशंट कवाचा आत बसवलाय."

ती उठली. पंचा काढला, रेनकोट काढला. आत पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप होता. बोलली तीही निखळ शहरी मराठीत —

"मधली पट्टी पौडच्या एका आजोबांची. कुत्रा रंभामावशींच्या जावेचा. करडी बाई माझ्या आत्याला ओळखीची वाटेल, मी पैज लावते. आणि शेवटचं उत्तर सगळ्यांचं. तुम्ही अजून एकही पेशंट पाहिला नाहीत, पण तुमचे सगळे पेशंट पाहून झाले. आता जाऊ शकता."

"तुम्ही... तुम्ही खोटं बोललात!"

"मी टेस्टिंग केलं. तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?"

ती आत गेली. तिच्या उजव्या गालावर चिखलाचा एक थेंब होता — बोटाच्या पेराएवढा. निरंजनला तो सांगायचा होता. धीर झाला नाही. डॉक्टरीणबाई अख्खी सकाळ गालावर चिखल मिरवत पेशंट तपासत राहिल्या, आणि निरंजन अख्खी सकाळ त्या थेंबाकडे बघत राहिला. नफ्याचा पहिला आकडा तिथेच हलला होता, पण त्याला तेव्हा कळलं नाही.

रोज हिंजवडीहून येणं म्हणजे अर्धा पगार डोकेदुखीवर आणि अर्धं आयुष्य सिग्नलवर. म्हणून त्याने भरे गावात खोली घेतली. मालक गेणबा, शेतकरी. शेतावर खोल्या बांधून भाड्याने दिलेल्या, चिमूटभर हसू आणि अटी मात्र तोंडपाठ.

"भाडं येळेवर. पार्ट्या न्हाईत. अन् माझी लेक डाक्टर हाय, तिला फुकटात दुखणी सांगायची न्हाईत."

"नाही सांगणार," निरंजन म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याची नजर ओट्यावरच्या चिखलाने भरलेल्या गमबुटांवर गेली.

शुभांगी दारात आली. त्याला बघितलं. वडिलांकडे बघितलं.

"आबा, आख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा भाडेकरू नव्हता का?"

"आगाऊ भाडं देणारा न्हवता," गेणबा म्हणाले.

मग रोजचं भांडण सुरू झालं. दवाखान्यात जाताना, येताना, चहाच्या टपरीवर. तो म्हणायचा, प्रश्न सोपे हवेत. ती म्हणायची, सोपे नकोत, खरे हवेत. त्याने कुत्रा काढून टाकला, तिने भातलावणी घालायला लावली. बागकाम गेलं, मांडी घालून जेवणं आलं. जिन्याच्या जागी एसटीची पहिली पायरी आली, जी मुळशीतल्या कुठल्याही जिन्यापेक्षा उंच असते. शंभर बाहुल्यांच्या खाली तिने लिहून घेतलं: 'ही माणसं तुमच्या ओळखीची नाहीत. ऑपरेशन झालेल्या ओळखीच्या माणसाला भेटायचं असेल तर मावशींना सांगा.'

"हे सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही," निरंजन वैतागून म्हणाला.

"मावशी बसतात ना खुर्चीवर? झालं तर."

पाऊस आला की ती छत्री धरायची. त्याच्यावर नाही, टॅब्लेटवर. "तो ट्रस्टचा आहे," ती म्हणायची. तो भिजायचा. पण छत्री धरायला तिला जवळ यावं लागायचं, आणि तिच्या ओल्या केसांना शिकेकाईचा वास यायचा... त्यामुळे पावसाविरुद्ध तक्रार करायची राहून गेली.

मग एक दिवस सगळं बिघडलं. म्हणजे सगळं फारच छान झालं.

टॅब्लेटच्या हिशेबात दिसू लागलं, की पेशंट एकजात ऑपरेशनला तयार आहेत. भरे तयार, उरवडे तयार, पौड तयार. ऋषिकेशचा फोन आला, आनंदाने आवाज फुटलेला. "निरू, कमाल आहे! सगळ्यांनी निर्णय घेतला!" शुभांगीच्या टेबलावर मात्र पुण्याच्या सर्जनचा निरोप आला, की इतकी ऑपरेशनं करायची तर वर्ष पुरणार नाही. त्या यादीत एक असे गृहस्थ होते जे फक्त बायकोला सोडायला आले होते.

चौकशी झाली. लांब जावं लागलं नाही. रंभाबाई.

"म्हातारी म्हणती घरी इचारून सांगते, अन् ते यंत्र पुढंच सरकंना," रंभाबाई म्हणाल्या. "भाईर रांग लागली. मंग मी दाबलं."

"पण ऑपरेशनच का दाबलंत?" निरंजनने विचारलं.

"हिरवं हुतं. हिरवं म्हंजी चांगलं, न्हवं? दुसरं निळं हुतं... मला न्हाई आवडत निळा."

शुभांगीने त्या संध्याकाळी एकेकाला फोन करून सांगितलं, की तुमचा पाय कुणी कापणार नाही. शेवटचा फोन ठेवून ती निरंजनच्या समोर येऊन उभी राहिली. रागाने तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. निरंजनला अशा वेळी तो गोड वाटायला नको होता.

"तिसरं बटण टाका. 'घरी विचारून सांगते.'"

"डॉक्टर, तो निर्णय नाही. निर्णय टाळणं आहे."

"तुम्हाला काय माहीत? ऐका. डॉक्टरला तोंडावर नाही म्हणायचं नसतं इथे, म्हणून घर पुढे करतात. कुणाला खरंच विचारायचं असतं. कुणाचा भात काढायचा असतो. कुणाचा माझ्यावर विश्वास नसतो. सगळे एकच वाक्य बोलतात आणि सगळ्यांचा अर्थ वेगळा."

"मग ओळखायचं कसं?"

"पुढचा प्रश्न विचारून. 'कशाची वाट बघताय?' बस. आणि मग गप्प बसून ऐकायचं. तेवढं मात्र तुमच्या मशीनला जमणार नाही. तुम्हालाही जमत नाही."

निरंजनने रंभाबाईंनी दाबलेल्या नोंदी पुन्हा उघड्या केल्या आणि तिसरं बटण टाकलं. पिवळं. त्यावर बोट ठेवलं की पुढची पाटी उघडायची, आणि तिच्यावर एकच प्रश्न असायचा. ऋषिकेशला कळवलं नाही. शुभांगीला दाखवलं. 

"रंग बरा निवडलात," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे दुष्काळात नदी दुथडी.

टॅब्लेटमध्ये सगळ्यात जुनी, सगळ्यात हट्टी नोंद शुभांगीच्या आत्याची होती. सारजाबाई. ऐन तारुण्यात नवरा गेला, माहेरी परत आल्या, आणि आई नसलेल्या शुभांगीला त्यांनी वाढवलं. डावा गुडघा पार झिजलेला. ऑपरेशन करून घे म्हणून भाची दोन वर्षं मागे लागली होती. सारजाबाई दोन वर्षं तिला एकच उत्तर देत होत्या — "घरी इचारून सांगते." शुभांगी चिडून म्हणायची, "आत्या, मीच घरची आहे!" त्यावर सारजाबाई बोळक्याने हसायच्या आणि लंगडत चुलीकडे जायच्या.

एका दुपारी ओट्यावर सारजाबाई घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. निरंजन शेजारी बसला आणि शेंगा सोलू लागला. वाईट सोलत होता.

"आत्या, एक विचारू? कशाची वाट बघताय?"

शेंग सोलणारा हात थांबला. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं, बाजारात बैल बघतात तसं.

"तुझ्या यंत्रात घालणार?"

"नाही. मलाच हवंय."

"मंग ऐक. शुबीच्या लग्नात हळद मी दळनार. जात्यावर बसून. तिची आय असती तर तिनं दळली असती." त्यांनी दुखरा पाय हाताने उचलून सरळ केला. "ह्यो पाय आत्ता दुखतो, पन बसतो. नवीन बसवला की डाक्टर म्हणनार, आत्या, खाली बसू नगंस, मांडी घालू नगंस. उभ्यानं जातं फिरतंय व्हय?"

"पण हळदीला... म्हणजे, लोक काही म्हणतात ना..."

"इधवेनं हात लावू नये म्हणतात, असंच ना? म्हणनाऱ्यास्नी माझा दुसरा हात मोकळाच हाय." त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. "शुबीला सांगायचं न्हाई. लगीन म्हटलं की चार दिस तोंड फिरवती. अन् तिला वाटंल, आपल्यापायी आत्या लंगडती."

"नाही सांगत."

सारजाबाईंनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. "तुझं झालंय?"

"काय?"

"लगीन रं."

"नाही."

"बरं," सारजाबाई म्हणाल्या. नुसतं बरं. पण त्या एका शब्दावर निरंजनचे कान लाल झाले.

आता निरंजनची काय पंचाईत झाली बघा. शुभांगी त्याला आवडत होती, हे तर त्या थेंबाच्या दिवसापासूनचंच. पण आता ते बोलायचं म्हणजे आत्याच्या गुडघ्याचा तोडगा बोलल्यासारखं होणार. न बोलायचं म्हणजे युरोपला निघून जाणार. आणि कंपनीत ऋषिकेशसमोर काम दाखवायचा दिवस दोन पावलांवर आलेला. मनुष्य शहाणा असता तर थांबला असता. प्रेमात पडलेला होता, त्यामुळे त्याने नेमकी चुकीची वेळ निवडली.

शनिवारी शुभांगीला पुण्यात काम होतं. तिने त्याला गाडीतून सोडायचं कबूल केलं. पिरंगुटच्या घाटात गाड्या ठप्प. वायपर इकडून तिकडे, तिकडून इकडे. पुढे ट्रकचा लाल दिवा, काचेवर वितळलेला. शुभांगी सकाळपासून गप्प होती. निरंजनने तिच्या गप्प असण्याचा अर्थ स्वतःला सोयीचा लावला.

"शुभांगी..." पहिल्यांदाच त्याने 'डॉक्टर' वगळलं होतं. "मला तू आवडतेस. म्हणजे नुसती आवडतेस असं नाही... मला तुझ्याशी लग्न करायचंय."

वायपर इकडून तिकडे गेला.

"सोमवारी तुमचं काम दाखवायचं आहे ना साहेबांना?" तिने विचारलं. आवाज कोरडा, त्या पावसातली एकमेव कोरडी गोष्ट.

"हो, पण त्याचा इथे काय —"

"घरी विचारून सांगते."

वायपर तिकडून इकडे आला.

निरंजनला या वाक्याचे सगळे अर्थ तिनेच शिकवले होते. त्यातला पहिला त्याला पाठ होता — तोंडावर नाही म्हणायचं नसतं. त्याने मान हलवली.  हिंजवडीच्या फाट्यावर तो उतरला, तिने छत्री पुढे केली, त्याने घेतली नाही, दोघं चिडले, आणि गाडी गेली.

त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्याच सकाळी सारजाबाई भाचीला चहा देताना सहज म्हणून गेल्या होत्या, "त्या निरंजनला सांगितलंय मी, मी कशापायी थांबलीया. लई गुनाचा पोरगा. त्यानं इचारलं, तू दोन वरसांत एकदा तरी इचारलंस?" भाचीला सांगू नको म्हणणाऱ्या बाईने स्वतःच सांगून टाकलं. गुपित त्यांचं होतं, मोडायचा हक्कही त्यांचाच. पण शुभांगीच्या डोक्यात त्या दिवसभर एकच हिशेब फिरत राहिला — आत्या थांबलीय माझ्या लग्नासाठी. याची नोंद अडलीय आत्यापाशी. सोमवारी साहेबांना काम दाखवायचंय. आणि शनिवारी हा म्हणतो, लग्न कर.

कुणालाही राग येईल. तिला तर सवयच होती.

सोमवारी काचेच्या इमारतीत ऋषिकेशने पिवळं बटण बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय? 'घरी विचारून सांगते'? निरू, आपण निर्णय विकतोय. घर नाही."

"लोक असाच निर्णय घेतात."

"आणि ही पहिलीच केस अजून उघडी? काय ठरलंय बाईचं?"

"वाट बघतायत."

"कशाची?"

"ते कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी सांगितलंय."

ऋषिकेशने खुर्ची पुढे ओढली. तसा तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याही वर एक ऋषिकेश होता. "हे बघ. हिरवं नाहीतर निळं, एक टिचकी मार. पिवळं काढून टाक. दिवाळीनंतर विमानात बस. आम्ही सगळे तुला सोडायला येतो."

निरंजनने टॅब्लेट हातात घेतला. हिरवं बटण हिरवं होतं. बोट तिथपर्यंत गेलंसुद्धा... आणि त्याला आठवला उचलून सरळ ठेवलेला तो पाय. त्याने टॅब्लेट उलटा करून टेबलावर ठेवला.

"पिवळं राहील. केस उघडी राहील. मला युरोपला जायचं नाही असं नाही. पण ही टिचकी मी मारणार नाही."

"मग कैलास जाईल," ऋषिकेश टीममधल्या दुसऱ्या पोराचं नाव घेत म्हणाला.

"थंडीचे कपडे घे म्हणावं."

पिवळं बटण राहिलं, कारण ते काढायला कैलासला वेळ नव्हता. त्याला खरेदी होती.

दोन दिवसांनी दवाखान्यात टॅब्लेट परत आला. शुभांगीने तो उघडला तो रागानेच. आत्याच्या नावापुढे हिरवी खूण दिसणार, याची तिला खात्री होती. सरकवून सरकवून तिने नोंद काढली. तिथे पिवळा ठिपका होता. खाली लिहिलेलं: 'वाट बघतायत. कशाची, ते त्यांचं त्यांना माहीत.'

तेवढ्यात कैलासचा फोन आला. नमस्कार मॅडम, आता मी बघेन, निरंजनला काढलं या कामावरून, एक केस बंद करायला नाही म्हणाला वेडा, माझं तिकीट झालं, थँक्यू हं त्याला सांगा...

शुभांगीने फोन ठेवला. गमबूट घातले. रंभाबाई म्हणाल्या, "ताई, भाईर पेशंट..." "मावशी, बसवा त्यांना. आणि कुठलंही बटण दाबू नका!"

भरे गावात निरंजन पेटी भरत होता. गेणबा ओट्यावर उदास बसले होते. इतका वेळेवर भाडं देणारा माणूस पुन्हा मिळणं कठीण. ओढ्यातून, शेताच्या बांधावरून, चिखल उडवत आपली लेक येताना बघून ते शहाण्यासारखे उठले आणि म्हशीकडे गेले. म्हशीला त्यांची काही गरज नव्हती.

शुभांगी दारात उभी राहिली. धापा टाकत.

"पुढचा प्रश्न का नाही विचारलास?"

"कुठला?"

"तूच बनवलेला! बटण दाबलं की पुढची पाटी येते ना? मी म्हटलं, घरी विचारून सांगते. मग तू काय केलंस? छत्रीसुद्धा न घेता निघून गेलास! असं असतं का युजर-फ्रेंडली?"

निरंजनच्या हातात घडी घातलेला शर्ट होता. तो तसाच धरून तो म्हणाला, "मला वाटलं... नाही म्हणालीस."

"वाटलं! विचारायचं की!"

"बरं," निरंजन म्हणाला.  "कशाची वाट बघत्येस?"

 इतक्या तावाने आलेली डॉक्टरीण दारात उभी राहून बोटाने चौकटीचा रंग खरवडू लागली.

"मला बघायचं होतं... तू माझ्यासाठी विचारलंस, की आत्याच्या गुडघ्यासाठी."

"मग? काय दिसलं?"

"पिवळा ठिपका." तिने वर पाहिलं. "युरोप सोडलास?"

"सोडला नाही. गेला."

"वाईट वाटतंय?"

"खूप," निरंजन म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, त्या ओसरीतल्या बाकावर ते तिलाच जमलं होतं. "पण तिथे कुणी टॅबवर छत्री धरली नसती."

ती हसली. नको नको म्हणत हसली. निरंजनने शर्ट पेटीवर टाकला आणि एक पाऊल पुढे आला.

"शुभांगी, तुझ्या गालावर चिखल आहे."

"कुठे?"

"उजव्या. पहिल्या दिवशीही होता. अख्खी सकाळ. मी सांगितलंच नाही."

"अख्खी सकाळ? तरीच त्या दिवशी सगळे पेशंट —" ती पुन्हा चिडली. मग तिने गाल पुढे केला. "पूस मग आता. उभा काय राहिलास..."

त्याने पुसला. अंगठ्याने, फार हळू. जेवढा वेळ लागायला हवा होता त्याच्या दसपट लागला.

"आता सांग," तो म्हणाला. "दोनच बटणं आहेत."

"तिसरं आहे," शुभांगी म्हणाली आणि आत ओरडली, "आत्या! घरी विचारायचंय! काय सांगू याला?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "मला काय इचारती? मी कवापासनं जातं धुऊन ठिवलंय!"

लग्न मार्गशीर्षात झालं. हळद सारजाबाईंनी दळली. डावा पाय लांब पसरून, जात्याच्या खुंट्याला घट्ट धरून, घामाघूम होऊन. एक-दोघी कुजबुजल्या. सारजाबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि कुजबुज जागच्या जागी विरली. शुभांगी समोर बसून डोळे पुसत होती आणि जात्याला आत्याच्या बरोबरीने हात लावत होती. दळून झालं तेव्हा आत्यांना उठवायला दोन माणसं लागली. त्यातला एक निरंजन. दुसऱ्या दिवशी सारजाबाईंनी टॅब्लेट मागवला आणि स्वतःच्या हळदीने पिवळ्या झालेल्या बोटाने हिरवं बटण दाबलं.

"घे," त्या भाचीला म्हणाल्या. "आता पायजे ते काप."

आता कुणी किती भरलं ते एकदा बघून टाकू. निरंजनने युरोप भरला, आणि रोज रात्री बायकोकडून प्रश्नांची मराठी तपासून घ्यायची शिक्षा. शुभांगीने चिडण्यासाठी राखून ठेवलेले बरेच दिवस भरले, कारण त्याच्यावर फार वेळ चिडता येईना. रंभाबाईंनी काही भरलं नाही, उलट त्यांच्या सांगण्यावरून निळं बटण बदलून लाल-गुलाबी झालं. गेणबांचा एक चांगला भाडेकरू गेला. म्हणजे राहायला तिथेच होता, पण जावयाकडे भाडं मागणार कसं?

बाकी राहिला सारजाबाईंचा डावा गुडघा. इतरांनी आपापल्या वाटणीचं कधीतरी, थोडंथोडं दिलं. तो दोन वर्षं रोज देत होता. उठताना, बसताना, एसटीच्या पायरीवर, आणि शेवटी जात्यापाशी सगळं एकदम. पुण्याच्या सर्जनने काढून बाजूला ठेवला तेव्हा म्हणे तो पार झिजून गेला होता.

लग्नाचा खर्च त्यानेच केला.